त्याले सांगून दे

आमच्या बाभुळगावच्या वाचनालयात दोनेक वर्षांपूर्वी यवतमाळचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. विषय होता, आजच्या साहित्यातलं दुभंगलेलं कुटुंब. वाचनालय मी चालवते, त्यामुळे श्रोते गोळा करणंही माझ्याच गळ्यात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईची गावात एवढी तरी पत असते, की तिनं हाक मारली तर चार बाया येऊन सतरंजीवर बसतात. त्या चौघींत माझ्या शेजारच्या रुक्माबाई होत्या. प्राध्यापक एक गोष्ट घेऊन तिच्यावर तासभर बोलले. एका छताखाली राहणारे बाप-लेक एकमेकांना परके झाले, संवाद तुटला, भिंती उभ्या राहिल्या, वगैरे. स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेला माणूस बोलतो तसं बोलले, पण विषय मांडला चांगला.

घरी परतताना रुक्माबाईंनी मला विचारलं, "ताई, थ्या गोष्टीतल्या घरात मधात कोणी नव्हतं काय?"

"मधात म्हणजे?"

"म्हंजे इकडचं तिकडं सांगाले. माय असन ना त्या पोट्ट्याची?"

मी आठवून सांगितलं, की आई होती, पण तिच्याबद्दल गोष्टीत फार काही नाही. ती स्वयंपाकघरात असते.

"हं. सयपाकघरात," असं म्हणून रुक्माबाई हसल्या आणि पदर सावरत पुढे निघाल्या. मला तेव्हा त्यांच्या हसण्याचा राग आला होता. एवढं चांगलं व्याख्यान ठेवलं, तर बाईचं लक्ष कुठे, तर स्वयंपाकघरात!

रुक्माबाई बुटक्या, अंगानं वाळलेल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी त्यांना बसलेलं फारसं पाहिलंच नाही. त्यांचं घर आगगाडीच्या डब्यांसारखं होतं, एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत नवरा, पुंडलिकराव. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मागच्या खोलीत मुलगा रजत. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. मधे स्वयंपाकघर. रजत मागच्या दारानं यायचा, मागच्या दारानं जायचा. बाप-लेकांचा अबोला होता, आणि तो एक-दोन महिन्यांचा नव्हे, बारा-तेरा वर्षांचा. घरोघरी मातीच्या चुली हे मलाही कळतं, पण या घरची चूल वेगळीच होती. ती धडधड पेटतही नव्हती आणि विझतही नव्हती.

अबोला का झाला, ते सगळ्या आळीला ठाऊक आहे. रजत तेव्हा यवतमाळला कॉलेजात होता. एक दिवस तो बाभुळगावला येणाऱ्या गाडीत चढला, तर ड्रायव्हर त्याचे वडीलच. गाडी खचाखच भरलेली. कंडक्टर किसनसिंग पुढून तिकिटं फाडत येत होता. रजत मागे मित्र-मैत्रिणींच्या घोळक्यात, आणि बाप गाडी चालवतोय म्हणून निर्धास्त. वाटेत तपासणीवाले चढले. रजतकडे तिकीट नव्हतं. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "माझे बाबा ड्रायव्हर हायेत." साहेबानं पुढे जाऊन विचारलं, "हा पोरगा तुमचा का?" पुंडलिकरावांनी दोन्ही हात चाकावर ठेवून, समोर रस्त्याकडे बघत उत्तर दिलं, "मी नाही ओळखत याले."

पुंडलिकराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी उभ्या नोकरीत गाडीचा एक पत्रा वाकवला नव्हता, आणि बिनअपघात सेवेचा बिल्ला त्यांना त्या वर्षी मिळायचा होता. ड्रायव्हरचं पोरगं फुकट बसवलं असा शेरा पडला असता, तर त्यांच्यासोबत किसनसिंगही अडकला असता. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. पण पोराला भर गाडीत, मुलींच्या देखत, मित्राकडून उसने घेऊन दंड भरावा लागला आणि मधेच उतरून तो चालत घरी आला. बापाचं म्हणणं, तिकीट न काढता बसला तो चोर, त्यानं आधी माफी मागावी. मुलाचं म्हणणं, "मले जो ओळखत नाही त्याच्याशी कायले बोलू?"

त्याच आठवड्यात रजतनं पुण्याला जायला बॅग भरली होती. रुक्माबाईंनी त्याला थांबवलं. काय बोलून थांबवलं, ते मला पुढे कळलं.

तेव्हापासून त्या घरातलं प्रत्येक बोलणं "त्याले सांगून दे" असं सुरू व्हायचं. पुंडलिकराव पुढच्या खोलीतून म्हणायचे, "त्याले सांगून दे." रजत मागून म्हणायचा, "त्यायले सांग." आणि रुक्माबाई हात पुसत इकडून तिकडे जायच्या. बैठं घर, दारं उघडी, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं ऐकू जायला हवं. पण पुंडलिकरावांच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावलेला, आणि रजतच्या कानात घरी असेपर्यंत इअरफोनची वायर. दोघांनी आपापली सोय करून ठेवली होती.

माझ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत. एका संध्याकाळी मी भांडी विसळत होते. पुंडलिकरावांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "त्याले सांगून दे, दहाच्या अंदर आला तं ठीक, नाई तं कडी लागन. हे काही धर्मशाळा नाही." रुक्माबाई आत गेल्या. आणि मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाबा म्हंते, धामणगाव रोडनं रात्री ट्रका लय चालते. गाडी सांभाळून आणत जाय."

रजत म्हणाला, "त्यायले सांग, मी काही डेपोतली गाडी नाही, टायमावर याले."

रुक्माबाई पुढे आल्या. "हो म्हंते. जलदी येत जातो म्हंते."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी खिडकीतूनच दटावलं, "रुक्माबाई, धडधडीत खोटं?"

त्या दचकल्या. मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाल्या, "हळू बोला ना, ताई. खोटं कायचं त्याच्यात?"

"नाही तर काय! आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून आणता?"

"आडात हाये, ताई," त्या म्हणाल्या. "दोर पुरत नाही त्यायचा."

तेव्हापासून मी कान देऊन ऐकू लागले. शेजारधर्माला हे शोभत नाही, पण ऐकायची गोडी लागली खरी. रुक्माबाई कुणाचंच बोलणं जसंच्या तसं पोचवत नसत. बोचणारा भाग काढून टाकायच्या आणि त्या जागी काहीतरी मऊ भरायच्या. एक मात्र होतं, की कुठे पडताळून पाहता येईल असं त्या कधीच काही बोलायच्या नाहीत. 'येतो म्हणाला' असं नाही, 'भेटतो म्हणाला' असं नाही. 'जेवलास का म्हंते', 'थंडी हाये, स्वेटर घाल म्हंते', असलं. आणि इतक्या वर्षांत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

याची किंमत त्यांनीच मोजली. भाचीच्या लग्नाला भावानं, लखीरामनं, चार दिवस आधी बोलावलं. या अक्षता पडल्या की रात्रीच्या गाडीनं परत. "दोघं एकटेच हायेत घरी," म्हणायच्या. दोन धडधाकट पुरुष घरात असताना त्यांना एकटे म्हणणारी ही जगातली एकच बाई. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, पण दवाखान्यात राहावं लागेल म्हणून ऑपरेशन पुढे ढकलत राहिल्या. नवऱ्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनला मात्र त्या यवतमाळला त्याच्या उशाशी होत्या. तिथून आल्यावर पुंडलिकराव मला कौतुकानं सांगत होते, "ताई, पोट्टं बोलत नाही, पण मन साफ हाये. मले आत नेत होते तवा त्यानं मायजवळ सांगून धाडलं, बाबाले म्हणा घाबरू नका, मी बाहेर बसून हाओ." रुक्माबाई तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही त्यांनी.

मग रजतचं लग्न झालं. निशिगंधा यवतमाळची, तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. सरळ पोरगी. सासरच्या अबोल्याची तिला आधीच कल्पना दिली होती. नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडायची ती संध्याकाळी घरी, त्यामुळे सासूचं हे काम तिच्या नजरेस कधी पडलंच नाही.

व्याख्यानानंतरच्या जानेवारीत, तुरी निघायच्या दिवसांत, रुक्माबाई गेल्या. सकाळी चहा मांडला होता आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसल्या. आठवडाभर छाती चोळताना दिसत होत्या. कुणाला बोलल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी विचारलंही नाही. मी शेजारी असून नाही विचारलं, इतरांचं काय घेऊन बसायचं?

आता मधली खोली रिकामी झाली आणि तिथे निशिगंधा उभी राहिली. तिच्या लॅबमध्ये जो आकडा येतो तोच रिपोर्टात लिहायचा असतो. पेशंटला बरं वाटावं म्हणून साखर कमी करून लिहिता येत नाही. तिनं घरातही तेच केलं. तेरवीच्या तयारीत पुंडलिकराव म्हणाले, "त्याले सांगून दे, मायच्या तेरवीले दोस्तायचा बजार नोको भरवू." निशिगंधानं ते जसंच्या तसं सांगितलं. रजत म्हणाला, "त्यायले सांग, आई माझी होती. त्यायची तं नोकर होती." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं तेही जाऊन सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. पुंडलिकराव ताटावरून उठले.

बारा वर्षांत जे एकमेकांपर्यंत पोचलं नव्हतं ते महिनाभरात पोचलं. होळीच्या आधीच रजत आणि निशिगंधा लोहाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

खरी गंमत पुढे आहे, तिला गंमत म्हणायचं असेल तर. पुंडलिकराव माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "थे होती तवा पोट्टं किती बरं होतं, ताई! सुनेनं कान भरले त्याचे." आणि रजत एकदा पुस्तक परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, आई होती तोपर्यंत बाबा निदान माणसासारखे तं बोलत. आता निशिगंधावर राग काढतात, अन् ही तिखटमीठ लावून मले सांगते." जिनं चिमूटभर मीठ लावलं नाही तीच दोघांची गुन्हेगार ठरली. संतापानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निशिगंधा माझ्याकडे येऊन रडली. "काकू, मी एक शब्द वाढवला नाही, एक शब्द गाळला नाही. मग माझं चुकलं कुठे?"

तेव्हा मी तिला सासूचं सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सांगितल्याचा मला पस्तावा नाही. निर्दोष पोरीनं स्वतःला दोषी समजत राहावं, हे मला बघवत नव्हतं.

अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी नवी घागर भरतात, पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, कुरडई, चिंचेची आंबटगोड चिंचोणी वाढून पितरांना घास टाकतात. रुक्माबाईंची ही पहिली घागर. निशिगंधानं ठरवलं, की सासूनं केलं ते आपणही करावं. तिनं सासऱ्याला फोन केला, "ते म्हणाले, बाबांसोबतच आईची घागर भरायची. येतो म्हणाले." आणि रजतला सांगितलं, "बाबांनी बोलावलंय. त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे." मला तिनं हे आदल्या दिवशी पुरण वाटता वाटता सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, अगं, पडताळून पाहता येईल असं तुझी सासू कधीच बोलली नाही. पण बाण सुटलेला होता.

रजत आला तो पुढच्या दारानं. पुंडलिकरावांनी धुवट पांढरा सदरा घातला होता, दाढी केली होती. मी आणि निशिगंधा मधल्या खोलीत पत्रावळी मांडत होतो. बाप खुर्चीत, मुलगा कॉटच्या कडेला. दोघंही वाट पाहत होते. बाप समजत होता, पोरगा आपणहून आलाय, तर तोच बोलेल. मुलगा समजत होता, बोलायला बोलावलंय, तर बाप बोलेल. मी मनातल्या मनात म्हणत होते, अरे, कुणीतरी नुसतं 'ऊन फार आहे' एवढं तरी म्हणा.

शेवटी रजत बायकोकडे तोंड करून म्हणाला, "बोलाचं होतं ना त्यायले? बोला म्हणा."

"कोणाले बोलाचं होतं?" पुंडलिकराव म्हणाले, तेही सुनेलाच. "याचंच मन झालं म्हणून आला ना हा?"

दोघांनी निशिगंधाकडे पाहिलं. तिनं हातातली कुरडयांची परात छातीशी धरली. "मीच सांगितलं," ती म्हणाली. "दोघांनाही मीच सांगितलं. आईसुद्धा असंच करायच्या. इतकी वर्षं त्या दोघांनाही मनानंच सांगत होत्या."

पुंडलिकराव खुर्चीतून अर्धवट उठले आणि परत बसले. मग त्यांनी मान वळवून थेट मुलाकडे पाहिलं. बारा-तेरा वर्षांनंतर पहिल्यांदा ते त्याच्याशी बोलले.

"माह्या ऑपरेशनच्या टायमाले... घाबरू नका म्हणून तू सांगून धाडलं होतं ना? बाहेर बसून होता ना तू?"

रजतनं खाली बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, 'हो' म्हण.

"नाही," तो म्हणाला. "मी ड्यूटीवर होतो."

मग तोही विचारायचं थांबला नाही. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "अन् मी पुण्याले जात होतो तवा आईनं म्हटलं, बाबा म्हंते माझं चुकलं, फक्त तोंडावर म्हणाले जीभ उचलत नाही. त्याच्यासाठी थांबलो मी. म्हटलं होतं तुमी?"

पुंडलिकरावांचे ओठ हलले. त्यांनाही खोटं बोलता आलं असतं. किंवा ते आता खरं करता आलं असतं, त्याच क्षणी. पण ते एसटीचे ड्रायव्हर, विचारलं तेवढंच उत्तर द्यायची आयुष्यभराची सवय.

"नाही," ते म्हणाले.

रजतनं घागर भरली. आईच्या फोटोला नमस्कार केला. जेवायला तो थांबला नाही, आणि निशिगंधा परात ठेवून त्याच्यामागे गेली. मी पत्रावळी झाकल्या. एवढा स्वयंपाक वाया गेला.

त्यानंतर पुंडलिकराव रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर यायला लागले. त्यांना एकेक जुनं वाक्य आठवायचं. "ताई, लग्नाच्या दिवशी त्यानं म्हटलं होतं, बाबाले पयले जेवाले वाढा. हे त्याचं का तिचं?" मी म्हणायचे, "तिचंच असेल." "मले बिल्ला भेटला तवा म्हणे, बाबाचा फोटो पेपरात याले पाहिजे होता. हे?" मी म्हणायचे, "तेही तिचंच." मला खरंच माहीत नव्हतं, पण आता आणखी कुणी मऊ बोलून या माणसाला फसवावं असं मला वाटत नव्हतं. ते मान हलवायचे आणि पुढचं वाक्य काढायचे.

परवा आले ते काही विचारेनात. आल्या आल्या म्हणाले, "म्हंजे माह्याशी थे लयच बोलली, ताई."

मी हो म्हटलं.

"मी तिच्याशी काय बोललो, थे याद करून राह्यलो दोन दिवसांपासून," पुंडलिकराव म्हणाले. "'त्याले सांगून दे' याच्या बिगर काहीच याद येत नाही."